वजनकाटा काय सांगत नाही

७ ऑगस्ट २०२४च्या सकाळी पॅरिसमध्ये विनेश फोगाट वजनकाट्यावर उभी राहिली आणि शंभर ग्रॅम जास्त भरली. शंभर ग्रॅम म्हणजे सोललेलं एक केळं. आदल्या दिवशी तिनं तीन कुस्त्या मारल्या होत्या. परदेशी मल्लाकडून तोवर एकदाही न हरलेली जपानची युई सुसाकी त्यातल्या पहिल्याच कुस्तीत तिनं हरवली होती. संध्याकाळी सुवर्णपदकाची कुस्ती होती. अपात्र ठरल्यानं ती तिला खेळता आली नाही, आणि १४ ऑगस्टला त्याविरुद्धचं तिचं अपीलही फेटाळलं गेलं.

त्या आठवड्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती तालुक्याच्या गावी राहते, तेव्हा चौदा वर्षांची होती, कबड्डी खेळते. म्हणाली, "मावशी, केस कापूनसुद्धा नाही गं बसली ती वजनात." 'वजनात बसणं' हा शब्द तिच्या तोंडी इतक्या सहज आला की मी दचकले. कबड्डीत मुलींच्या किशोरी गटाला ५५ किलोची मर्यादा असते. मग कळलं की स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिच्या संघातल्या दोन-तीन मुली रात्री जेवत नाहीत, पाणीही बेतानं पितात. हे कुणी लपवत नव्हतं. मुलींच्या लेखी ती खेळाची रीतच होती.

हा लेख त्या फोनमुळे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते: विनेशला खाण्याचा काही विकार आहे असं म्हणायला कसलाही आधार नाही, आणि मी तसं म्हणत नाही. तिच्या शंभर ग्रॅममुळे जो विषय घराघरात आला, त्याच्या आत काय आहे ते समजून घेऊ.

## एका रात्रीत वजन कसं उतरतं?

कुस्ती, बॉक्सिंग, ज्युडो, वेटलिफ्टिंग या खेळांत वजनगट असतात. साठ किलोच्या गड्याची नव्वद किलोच्या गड्याशी जोड लावू नये, हा त्यामागचा साधा न्याय. पण मग प्रत्येकाला वाटतं, आपण अंगानं मोठं असून खालच्या गटात उतरलो तर फायदा आपला. विनेश २०१६मध्ये रिओला ४८ किलोत खेळली, टोकियोला ५३ किलोत, आणि पॅरिसला ५० किलोत. कारण ५३ किलोच्या गटातली भारताची जागा अंतिम पंघाल या दुसऱ्या महिला मल्लाच्या कामगिरीवर मिळालेली होती.

स्पर्धेच्या तोंडावर दोन-तीन किलो उतरतात तेव्हा चरबी जळत नाही, पाणी जातं. खाणं-पिणं थांबवून आणि घाम गाळून हे करतात, आणि काटा पार झाला की पुन्हा खातात-पितात. आता मोठ्या स्पर्धांत कुस्तीचा एक गट दोन दिवस चालतो आणि दोन्ही सकाळी वजन होतं. पहिल्या दिवशी कुस्त्या मारण्यासाठी पाणी आणि अन्न हवंच. तेच दुसऱ्या सकाळी काट्यावर दिसतं. भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी नंतर सांगितलं, ते हेच. त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतनं ५७ किलोत कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्यानं उपांत्य फेरीनंतर दहा तासांत ४.६ किलो कसे उतरवले याच्या बातम्या आपण कौतुकानं वाचल्या. एकीला शंभर ग्रॅम भारी पडले, दुसऱ्याला पदक मिळालं. मला दोन्ही बातम्या सारख्याच भीतीदायक वाटल्या.

कारण शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, क्षारांचा तोल ढळतो. १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या तीन महाविद्यालयीन मल्लांचा महिन्याभराच्या अंतरात मृत्यू झाला. तिघेही वजन उतरवत होते.

## रोजचं कमी खाणं: शरीराचं भारनियमन

पाण्याचा खेळ एक-दोन दिवसांचा असतो. दुसरी गोष्ट महिनोन् महिने, गुपचूप चालते, आणि माझ्या मते ती जास्त घातक आहे.

घरखर्चाचा हिशोब बघा. पगार येतो, त्यातून आधी कर्जाचा हप्ता जातो. उरलेल्यात घर चालवायचं. खेळाडूच्या शरीरात अन्न हा पगार आणि सराव हा हप्ता. सराव आपला वाटा उचलून मोकळा होतो. हृदय, मेंदू, हाडं, पाळी, जखमा भरणं, उंची वाढणं हे सगळं उरलेल्या ऊर्जेत भागवायचं असतं. या उरलेल्या ऊर्जेला डॉक्टर 'उपलब्ध ऊर्जा' म्हणतात. सराव वाढला आणि जेवण तेवढंच राहिलं, तर हप्ता वाढून पगार तोच राहिल्यासारखं होतं. म्हणजे कमी न खाताही माणूस तोट्यात जाऊ शकतो.

तोटा झाला की शरीर काय करतं? महाराष्ट्रातल्या माणसाला हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. ते भारनियमन करतं. दवाखान्याची वीज चालू, गावठाणाची बंद. हृदय आणि मेंदू चालू ठेवायचे आणि ज्याच्यावाचून आज जीव जात नाही ते बंद करायचं. म्हणून पाळी थांबते, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन उतरतं, हाडांची डागडुजी रेंगाळते, अंग सतत गार राहतं, नाडी मंदावते, पोट साफ होत नाही, सर्दी-खोकला महिनाभर हटत नाही.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४मध्ये या सगळ्याला एक नाव दिलं: रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट, थोडक्यात रेड-एस. पुढे 'ऊर्जेची तूट' म्हणू. त्याआधी डॉक्टर कमी खाणं, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडं हे त्रिकूट फक्त स्त्रियांचं मानत असत. समितीनं सांगितलं, हे पुरुषांनाही होतं आणि अंगभर होतं.

किती लवकर होतं? प्रयोगशाळेत पाळी नियमित असलेल्या तरुणींची उपलब्ध ऊर्जा मोजून-मापून खाली आणली, तेव्हा पाच दिवसांत पाळी चालवणाऱ्या संप्रेरकाची लय बिघडलेली दिसली. वजनकाट्यावर फारसं काही दिसायच्या आधीच शरीरानं फ्यूज काढला होता. (किती कॅलरींवर हे घडतं तो आकडा मी मुद्दाम देत नाही. ज्या मुलीच्या डोक्यात आधीच आकडे घोळत असतात, तिच्या हाती आणखी एक देण्यात अर्थ नाही.)

## पाळी गेली, तर बरंच झालं की!

हे वाक्य मी मैदानावर कितीदा ऐकलं आहे. कटकट गेली, सराव चुकत नाही. काही ठिकाणी तर पाळी थांबणं ही सराव चांगला चालल्याची खूण समजतात.

ती खूण बरोबर उलटी आहे. पाळी चालवणारी संप्रेरकंच हाडंही राखतात. हाडांची कणगी बहुतेक विशीपर्यंत भरून घ्यायची असते, मग जन्मभर त्यातूनच खायचं. भरायच्या वयातच कणगी गळायला लागली, तर धावताना नडगीत, पावलात बारीक चिरा पडतात. त्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. अमेरिकेची मेरी केन सतरा वर्षांची असताना जगातल्या वेगवान मध्यम पल्ल्याच्या धावपटूंत गणली जात होती. आणखी हलकी हो, असा दबाव आपल्यावर होता, तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली, असं तिनं २०१९मध्ये जाहीरपणे सांगितलं.

पंधरा वर्षांपर्यंत पाळी सुरूच झाली नाही किंवा सुरू असलेली तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांकडे जायचं, हा साधा नियम आयांनी आणि प्रशिक्षकांनी पाठ करावा. आणखी एक. पूजा, लग्न, स्पर्धा यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे पटकन घेतल्या जातात, आणि थांबलेली पाळी 'आणायच्या'ही. अशा गोळ्यांनी रक्तस्राव झाला म्हणजे शरीर सावरलं असं होत नाही. वीज अजून गेलेलीच असते, आपण फक्त मेणबत्ती लावलेली असते.

## हे मनाचं दुखणं की पोटाचं?

दोन्हीचं, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेलं. आपलं शरीर आपल्याला कसं दिसतं आणि त्याबद्दल काय वाटतं, त्या मनातल्या चित्राला देहप्रतिमा म्हणतात. ते चित्र आणि आरसा जुळतीलच असं नाही. चित्र फार बिघडलं की खाणं बिघडतं. जेवण टाळणं, पदार्थांना 'चांगले' आणि 'वाईट' ठरवणं, एक पोळी जास्त झाली म्हणून दोन फेऱ्या जास्त पळणं, एकदम खूप खाऊन ते बाहेर काढण्याचा प्रयत्न करणं. यातलं काही आजाराच्या पायरीपर्यंत जातं. अ‍ॅनोरेक्सिया (वजनाच्या भीतीनं खाणंच तोडणं) आणि बुलिमिया (खूप खाऊन ते बाहेर काढणं) ही त्यांतली ओळखीची नावं. मानसिक आजारांत अ‍ॅनोरेक्सिया सर्वांत जीवघेण्यांपैकी एक आहे.

पण बाणाची दुसरी दिशा लोकांना ठाऊक नसते. उपाशी राहण्यानं मन बदलतं. १९४४-४५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांनी स्वखुशीनं सहा महिने अर्धपोटी राहून बघितलं. युद्धानंतर उपासमार झालेल्यांना कसं सावरायचं, हे शिकण्यासाठी केलेला प्रयोग होता तो. या मुलांना दिसण्याची कसलीच फिकीर नव्हती. तरी थोड्याच दिवसांत ते दिवसभर खाण्याचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटं चाटू लागले, चिडचिडे झाले, मित्रांपासून तुटले. पोटभर खायला मिळाल्यावरही काहींना बरेच दिवस थांबता येईना.

म्हणून "ती फार हट्टी झालीय, जेवणावरून भांडते" अशी तक्रार करणाऱ्या पालकांना मी हा प्रयोग सांगते. स्वभाव बदललेला वाटतो, तो बरेचदा भुकेचा असतो. उपचारातही आधी अन्न पुरेसं व्हावं लागतं. उपाशी मेंदूला समजावून फार काही साधत नाही.

## सुरुवात बरेचदा एका वाक्यानं होते

अमेरिकेची जिम्नॅस्ट क्रिस्टी हेनरिक १९८८मध्ये एका स्पर्धेला गेली असताना एका पंचानं तिला वजन कमी करायला सांगितलं. १९९४मध्ये ती गेली, तेव्हा बावीस वर्षांची होती. अ‍ॅनोरेक्सियानं तिचे अवयव निकामी झाले होते. एका वाक्यानं आजार होत नाही हे खरं. स्वभाव, घर, आनुवंशिकता सगळं त्यात असतं. पण सुक्या गवतात काडी टाकणाऱ्यानं गवत सुकं होतं म्हणून हात झटकू नयेत.

आपल्याकडची वाक्यं वेगळी असतात. "मागून जड झालीस." "सुट्टीत आजीनं काय खायला घातलं?" सगळ्या संघासमोर मोठ्यानं वाचलेलं वजन. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, तो दुसऱ्या दिवशी विसरतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलीचं अंग भरतं, वजन वाढतं, धावण्याची लय काही महिने बिघडते. ही निसर्गाची ठरलेली वाट आहे. नेमक्या त्याच वर्षी ५५ किलोचा काटा समोर येतो, हा मला आपल्या कबड्डीतला सर्वांत अवघड प्रश्न वाटतो.

कपड्यांचंही तसंच. २०२१मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाला बिकिनीऐवजी आखूड चड्ड्या घातल्या म्हणून १५०० युरो दंड झाला. जगभर ओरड झाली आणि त्याच वर्षी नियम बदलला. पुरुष मात्र आधीपासून चड्डी-बनियनवर खेळत होते. गावाकडे किती मुली अशाच कारणानं खेळ सोडतात हे शाळेच्या बाईंना विचारा: टी-शर्ट अंगाला चिकटतो आणि मैदानाच्या कडेला पोरं उभी असतात.

## मुलांना कुठे असलं काही होतं?

होतं, फक्त उलट्या तोंडानं. मुलीला आपण जाड दिसतो असं वाटतं, मुलाला आपण किरकोळ. आरशात पिळदार दंड असूनही तो काडीसारखा वाटतो. याला स्नायूंचा भ्रम म्हणता येईल, आणि मनोविकारांच्या वर्गीकरणात त्याला जागा आहे. सकाळ-संध्याकाळ जिम, डब्यात फक्त उकडलेली अंडी आणि चिकन, बहिणीच्या लग्नातही वेगळं ताट, मग कुणीतरी दिलेली पावडर आणि त्यापुढे इंजेक्शन. घरच्यांना वाटतं पोरगं शिस्तीचं झालं.

तालमीच्या परंपरेत खाण्याला लाज नव्हती. दूध, तूप, बदामाची थंडाई. पैलवानाचा खुराक हा गावाच्या अभिमानाचा विषय असायचा, त्यासाठी दत्तक घेणारी माणसं असायची. मातीतली जोड वस्ताद नजरेनं लावत. मॅट आली, काटा आला, आणि खुराक घेणारा पैलवान स्पर्धेआधी उपाशी राहायला शिकला. मॅट नको असं मी म्हणत नाही. ऑलिंपिकचा रस्ता तिथूनच जातो. पण या बदलात खाण्याचं शहाणपण हातचं सुटलं.

## पण हलका गडी जास्त पळतोच ना?

आक्षेप खरा आहे आणि टाळून चालणार नाही. चढावर सायकल मारायला, लांब पळायला कमी वजनाचा काही मर्यादेपर्यंत फायदा होतो. २०२५ची महिलांची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या पोलीन फेराँ-प्रेव्होनं या शर्यतीसाठी वजन मुद्दाम कमी केलं होतं. असं कायम राहणं बरं नाही, हेही तिनंच सांगितलं.

सापळा इथेच आहे. पहिले काही आठवडे वेळ सुधारते, प्रशिक्षक खूश, मुलगी खूश, आणि 'कमी खा, जोरात पळ' हा धडा पक्का बसतो. तूट मागून वसूल होते. आधी थकवा, मग झोप उडणं, मग नडगीची चीर. फेराँ-प्रेव्हो तिशी ओलांडलेली व्यावसायिक खेळाडू होती, सोबत आहारतज्ज्ञ आणि डॉक्टरांचं पथक. चौदा वर्षांच्या मुलीपाशी फक्त ताईंचा सल्ला आणि रात्रीचं रिकामं ताट असतं.

## आमच्या पोरींना कसलं आलंय डाएटचं वेड?

ग्रामीण भागातले प्रशिक्षक हे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. ऊर्जेची तूट व्हायला आरशाशी भांडण असावंच लागत नाही. पहाटे पाचला चहा पिऊन मैदान, तिथून थेट कॉलेज, दुपारी डब्यात दोन पोळ्या, संध्याकाळी पुन्हा सराव, गुरुवारचा उपास. ती कुणाच्या सांगण्यावरून उपाशी नाही, दिवसाची घडीच अशी बसली आहे. त्यात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. अशा मुलीला समुपदेशनाआधी सरावानंतर लगेच खायला काहीतरी हवं. गूळ-शेंगदाणे, केळं, उकडलेलं अंडं, भाकरी-उसळ. महागड्या डब्यांची गरज नाही.

## नियम बदलून काही होतं का?

होतं. अमेरिकेत त्या तीन मृत्यूंनंतर महाविद्यालयीन कुस्तीत घाम काढायच्या सौना (तापवलेली खोली) आणि रबरी सूटवर बंदी आली, वजन कुस्तीच्या अगदी आधी होऊ लागलं, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच, शरीरात पाणी पुरेसं आहे हे तपासून, प्रत्येकाचा सर्वांत खालचा गट ठरवायला लागले. बर्फाच्या उतारावरून लांब झेप घेण्याच्या स्की जंपिंगमध्ये २००४पासून उंचीच्या मानानं फार हलक्या खेळाडूला आखूड स्की (पायाला बांधायच्या फळ्या) दिली जाते, तिच्यावर झेप कमी पडते, म्हणजे हडकुळं होण्याचा फायदाच काढून घेतला. कृत्रिम भिंत चढण्याच्या खेळात (स्पोर्ट क्लाइंबिंग) मात्र २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाच्या दोन डॉक्टरांनी याच प्रश्नावर राजीनामे दिले, दोनदा ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी यान्या गार्नब्रेट उघडपणे बोलली, तेव्हा कुठे २०२४मध्ये तपासणीचे नियम आले.

गट सोडला तर पदक जातं, असं समजणाऱ्यांना मी खाशाबा जाधवांची आठवण देते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८मध्ये लंडनला ५२ किलोच्या गटात सहावा आला. १९५२ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं, ते ५७ किलोच्या गटात.

## घरी आणि मैदानावर

लक्ष कुठे ठेवायचं? सगळ्यांबरोबर जेवायचं टाळणं, सरावाशिवायही पळत राहणं, विश्रांतीच्या दिवशी अस्वस्थ होणं, जेवणानंतर लगेच बाथरूम, उन्हाळ्यातही स्वेटर, एकामागून एक दुखापती. यातलं एखादं कुणातही असू शकतं. दोन-तीन एकत्र दिसली तर बोलावं, आणि बोलताना वजनाचा, दिसण्याचा शब्द काढू नये. "बारीक झालीस गं" हेही आजारी मुलीला शाबासकीसारखं ऐकू येतं. "हल्ली दमलेली दिसतेस, झोप लागते का?" एवढ्यानं दार उघडतं. मग डॉक्टर, जमल्यास खेळाडूंचं खाणं जाणणारा आहारतज्ज्ञ, आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञ. जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. बेशुद्ध पडणं किंवा छातीत धडधड असेल, तर त्याच दिवशी दवाखाना.

प्रशिक्षकांकडे माझी एकच मागणी आहे. वजन घ्यायचंच असेल तर एकेकट्याचं घ्या, मोठ्यानं वाचू नका.

माझी भाची आता कुमारी गटात खेळते, तिथे ६५ किलोपर्यंत चालतं. हे सहज झालं नाही. एक हंगाम ती धड इकडची ना तिकडची होती आणि संघातली जागाही गेली होती. तिच्या आईनं डब्याच्या जोडीला आणखी एक डबा द्यायला सुरुवात केली, दोन भाकऱ्या आणि मटकीची उसळ. सराव संपला की मुली मैदानाच्या कट्ट्यावर बसून तो सगळ्याजणी मिळून संपवतात.